नाटकातली माय

रोजच्या वापरातले शब्द पार्वताबाईंना आठवेनासे झाले, तेव्हा आता त्या हळूहळू गप्प होतील असा घरच्यांचा अंदाज होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं: आधी नावं जातील, मग माणसं, मग बोलणं. पण डॉक्टर पडले औषधपाण्याचे माणूस. झाडीपट्टीच्या नाटकात अर्धं आयुष्य घालवलेल्या बाईचं बोलणं असं शिस्तीत जात नसतं, हे त्यांना कुठून कळणार? पार्वताबाईंचं पाणी गेलं, भात गेला, जावई गेला, समोर वावरणारी बाई आपली लेक आहे हेही गेलं. राहिलं ते नाटक. एका सकाळी त्या खाटेवर उठून बसल्या आणि सानगडीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘दासी, माझा कंचुक कोठे आहे?’’

सरिता पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. ती शिवणकाम करायची. लग्नसराईच्या तोंडावर तर तिला मान वर करायला फुरसत नसायची. ती धावत आत गेली. चष्मा दिला, माय मानेनं नाही म्हणाली. पाणी दिलं, नाही. नवरा अमर राइस मिलला निघाला होता, तोही डोकावला.

‘‘कंचुक म्हंजे गोळी तं नसन?’’ तो म्हणाला.

‘‘मले काय माहीत? मी काय नाटकात होती?’’ सरिता खेकसली.

अमर स्वभावानं गरीब. बायकोच्या खेकसण्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. दुपारी मिलमध्ये जेवायच्या सुट्टीत त्यानं मोबाइलवर शोधाशोध केली आणि संध्याकाळी येऊन सरिताच्या हातात फोन ठेवला. जुन्या नाटकांतल्या अवघड शब्दांचं ते एक ॲप होतं. नाटकाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या पोरापोरींसाठी नागपूरकडच्या कुणी विद्यार्थ्यांनी ते बनवलं होतं. शब्द टाकायचा, की खाली अर्थ यायचा. सरितानं टाकलं, कंचुक. उत्तर आलं: चोळी.

दिवसभर दुसऱ्यांच्या चोळ्या बेतणाऱ्या बाईला तो शब्द ठाऊक नव्हता. तिला हसू आलं. तिनं मायला धुतलेलं ब्लाउज आणून दिलं, आणि पार्वताबाईंनी ते राणीच्या तोऱ्यात घातलं.

ते ॲप सरितानं आपल्या फोनमध्ये घेतलं, आणि त्या दिवसापासून फोन तिच्या कमरेला खोचलेलाच असे. ‘क्षुधा’ म्हणजे भूक. ‘तिमिर’ म्हणजे अंधार, म्हणजे दिवा लाव. एकदा माय म्हणाली, ‘‘हे आसन आर्द्र झाले,’’ आणि सरितानं ‘आर्द्र’ पाहीपर्यंत चादरीतून ओल खाली उतरली होती. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. मायला काय हवंय ते कळत होतं, हेच तिला खूप होतं. शेजारची उषाबाई फॉल लावायला साडी घेऊन आली, तिला ती म्हणाली, ‘‘माही माय आता माह्यासंग बोलते, उषाबाई.’’ हे सांगताना तिचा आवाज कापला. उषाबाईला वाटलं, आजारपणाच्या काळजीनं कापला असेल.

काळजी होतीच, पण ते तेवढंच नव्हतं. सरिताची माय सरिताशी अशी कधी बोललीच नव्हती.

दिवाळी सरली, गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो हंगाम उन्हाळा लागेस्तोवर चालतो. पार्वताबाई ऐन भरात होत्या तेव्हा आज लाखांदूर, उद्या अर्जुनी, परवा आणखी कुठे, असा त्यांचा मुक्काम असायचा. नवरा लवकर वारलेला. पोरीला कुठे घेऊन फिरणार? म्हणून सरिता वाढली ती करडीला, मामीजवळ. मामी चांगली होती. वाईट असती तर बरं झालं असतं, असं सरिताला मोठेपणी कितीदा वाटलं. मग सगळा राग तिच्यावर काढता आला असता. उन्हाळ्यात माय यायची, थकलेली, अंगावर रंगाचा आणि अत्तराचा वास, आणि दिवसचे दिवस झोपून काढायची. पोरीनं काही विचारलं तर ‘हो बाई, हो’ म्हणून कूस बदलायची. करडीच्या बायका म्हणायच्या, ‘‘तुही माय काय पार्ट करते वो! रडवते अख्ख्या गावाले.’’ सरितानं तिचं एकही नाटक पाहिलं नाही. कुणी बोलावलं तरी गेली नाही. गावाला रडवणारी बाई आपल्याला दोन शब्द बोलत नाही, याचा तिला इतका राग होता की पुढे लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी तो तसाच होता. माय म्हातारी होऊन दाराशी आली तेव्हा तिनं तिला घरात घेतलं, सगळं केलं. पण त्या रागाची गोष्ट दोघींनी कधी काढली नाही. आणि आता काढायची तर माय जागेवर नव्हती.

अशात एका दुपारी पार्वताबाईंनी सरिताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, नजर रोखली. मग हात पुढे केला आणि म्हणाल्या,

‘‘वत्से, अशी दूर का उभी? ये, निकट ये. या तप्त ललाटावर तुझा शीतल कर ठेव.’’

सरितानं फोन काढला. ललाट म्हणजे कपाळ, तप्त म्हणजे तापलेलं. झालं! तिला वाटलं तापच भरला. तिनं कपाळाला हात लावला, ते तर थंडगार. तरी खात्री असावी म्हणून तापाची अर्धी गोळी दिली. पार्वताबाईंनी ती गोळी तोंडात धरली, मग काढून उशीखाली ठेवली आणि पुन्हा म्हणाल्या, ‘‘वत्से, अशी दूर का उभी?’’

तेव्हा सरितानं पहिला शब्द पाहिला. तो तिनं वगळला होता. नाव घेऊन हाक मारावी तसं काहीतरी असेल, असं तिला वाटलं होतं. ॲपनं सांगितलं: ‘वत्से – मुली, बाळे. मुलीला मायेनं मारलेली हाक.’

ती खाली जमिनीवरच बसली. मायचा हात कपाळावर धरून हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांनी का होईना, सगळं विसरून गेल्यावर का होईना, माय तिला मुलगी म्हणाली होती. दूर का उभी म्हणून विचारत होती. खरंच तर होतं, ती दूरच उभी होती आजवर. संध्याकाळी अमर आला तेव्हा तिनं शिरा केला होता. ‘‘मायनं मले ओळखलं,’’ ती म्हणाली, आणि अमरनं शिऱ्याची दुसरी वाटी घेता घेता ‘‘चांगलं झालं’’ म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. पार्वताबाई तेच वाक्य बोलत. सरिता हातातलं काम टाकून जाई, जवळ बसे, कपाळावर हात ठेवी. माय पुन्हा तेच वाक्य बोले. कधी आर्जवानं, कधी जरा घाईनं, कधी एकेक शब्द सुटा करून. सरिता म्हणे, ‘‘हावो माय, जवळच हावो मी.’’ माय क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राही, कशाची तरी वाट पाहिल्यासारखी, आणि पुन्हा सुरू होई. सरिताला त्यात काही खटकलं नाही. सुख मिळालेलं माणूस खोलात कशाला जाईल?

एका रविवारी अड्याळहून तेजरामकाका आले. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढ्यात खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवायचं काम त्यांनी जन्मभर केलं, आणि खड्ड्यात बसून बसून कमरेतून वाकले. आता धानाची शेती बघायचे. पार्वताबाईंना बरं नाही कळलं म्हणून पिशवीभर शिंगाडे घेऊन आले होते. सरितानं चहा ठेवला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, ‘‘काका, पाहा आता. माय मले कशी बोलावते ते पाहा.’’

पार्वताबाई बोलल्या, ‘‘वत्से, अशी दूर का उभी? ये, निकट ये. या तप्त ललाटावर तुझा शीतल कर ठेव.’’

तेजरामकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. ‘‘अरे, हे तं ‘हेमप्रभा’चं तिसऱ्या अंकातलं हाये,’’ ते म्हणाले.

‘‘कायचं?’’

‘‘‘वनवासिनी हेमप्रभा’ नाटक, पोरी. राजा राणीले वनात धाडते. जाता जाता राणी आपल्या लहान्या लेकीले भेटते, तो सीन. किती दिस झाले हे एकच वाक्य बोलून राहिली?’’

‘‘दिवाळीच्या आंधीपासून,’’ सरिता हळूच म्हणाली.

‘‘अरारा!’’ काका कळवळले. ‘‘कोनी उत्तर नाही देल्लं काय तिले? नाटकात समोरचा आडला, त्याले त्याचं वाक्य आठवलं नाही, तं आपुन थांबाचं नसते. आपलंच वाक्य फिरून फिरून बोला लागते, थोडंसं बदलून. तवरिक त्याले आठवते. पब्लिकले कळत बी नाही. पार्वताबाई त्यात एक नंबर. ते तुले सांभाळून घेऊन राहिली, बाई! तू आडली असं वाटून राहिलं तिले.’’

तेजरामकाका तोवर खाटेजवळ सरकले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, तंबाखूचा खर्रा खाऊन दात काळे झालेले, कमरेतून वाकलेले तेजरामकाका आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘माते, ही पाहा मी आले. परंतु तुझ्या नेत्रांत अश्रू का?’’

पार्वताबाईंचा चेहरा उजळला. सगळं अंग सैल झालं. त्यांनी दोन्ही हातांत तेजरामकाकांची हनुवटी धरली आणि पुढचं बोलायला लागल्या. काय ते बोलणं! आवाज चढत होता, उतरत होता, डोळ्यांतून खरं पाणी वाहत होतं, त्या खुंटांवरून मायेनं हात फिरत होता. लेकीला सोडून जाताना आईच्या काळजाचं काय होतं, ते सगळं त्यात होतं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘बोल, वत्से. या अभागिनी मातेला क्षमा करशील?’’ काकांनी त्याचंही उत्तर दिलं, आणि पार्वताबाई डोळे मिटून पडल्या. कित्येक दिवसांत त्या इतक्या शांत झोपल्या नव्हत्या.

सरिता दारात उभी राहून हे बघत होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा तिला मत्सर वाटला, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही; पण वाटला. ती हाक तिची नव्हती. वत्से ती नव्हती. दर हिवाळ्यात कंपनीतली कुणी पोर समोर उभी राहायची आणि माय तिला पोटाशी धरून असं रडायची. आणि करडीला मामी सरिताच्या डोक्याला तेल लावून द्यायची.

काका गेल्यावर ती मशीनवर जाऊन बसली. फोन काढला आणि ते ॲप काढून टाकलं. अर्थ सगळा बरोबर सांगितला त्यानं, पण ते कुणासाठी बोललंय हे काही सांगितलं नाही. आता त्यात त्या ॲपचा काय दोष? पण राग काढायला काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आतून हाक आली, ‘‘वत्से, अशी दूर का उभी?’’ सरिता उठली नाही. वाक्य पुन्हा आलं, पुन्हा आलं. आता तिला त्यातली तगमग ऐकू येत होती. एक बाई रंगमंचावर उभी होती, समोरची पोरगी गप्प होती आणि अख्खं नाटक तिच्या एकटीच्या जिवावर तोललेलं होतं. मशीनचं चाक फिरवत सरिता ते ऐकत राहिली, आणि शेवटी तिला ऐकवेना.

‘‘काकाले फोन लावून देता काय?’’ तिनं अमरला विचारलं. ‘‘त्या पोरीचा पार्ट आहे ना, तो लिहून घ्या लागन.’’

तेजरामकाकांनी फोनवर सांगितलं, तिनं लिहून घेतलं. पार्ट लहानसाच होता. ॲप पुन्हा घेतलं, कारण अर्थ कळल्याशिवाय पोपटासारखं बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. गळा बेतताना, काजं करताना ती पुटपुटत राहायची. ‘निःशंक’ म्हणजे मनात काही न ठेवता. ‘चित्त’ म्हणजे मन. ‘किंतु’ म्हणजे शंका, अढी. ‘निःशंक जा, माते. माझ्या चित्तात तुझ्याविषयी किंतु नाही.’ उषाबाईला वाटलं, हिलाही मायचाच आजार लागला.

पाठ झालं तशी एका दुपारी सरितानं मशीन बंद केली, तोंड धुतलं, पदर नीट केला आणि आतल्या खोलीत जाऊन खाटेपासून जरा दूर उभी राहिली.

‘‘वत्से, अशी दूर का उभी?’’ मायनं सुरू केलं.

सरितानं वाक्य संपू दिलं. ‘‘माते, ही पाहा मी आले. परंतु तुझ्या नेत्रांत अश्रू का?’’

मायचा चेहरा उजळला, तसाच, तेजरामकाकांसमोर उजळला होता तसा. तिनं सरिताला ओढून जवळ बसवलं. दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं. मशीनच्या तेलाचा वास असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या त्या तोंडाला ती ‘माझ्या कोवळ्या कळिके’ म्हणाली. आता सगळे शब्द सरिताला कळत होते. जी माता पोटचं अपत्य त्यागून जाते तिला सुखाची निद्रा नसते, ती म्हणत होती. तुझी बोबडी वाणी मी वनात वाऱ्यापाशी मागेन, म्हणत होती. अश्रू दोघींचे वाहत होते, आणि त्यांतले नाटकाचे कोणते ते सरिताला सांगता आलं नसतं.

‘‘बोल, वत्से. या अभागिनी मातेला क्षमा करशील?’’

सरितानं तोंड उघडलं. वाक्य अगदी जिभेवर होतं, एकेक शब्द पाठ होता. पण ते बाहेर येईना. किंतु नाही? होता ना किंतु. शाळेच्या बक्षीस समारंभाचा होता, गोवर निघाला होता तेव्हाचा होता, पहिल्यांदा कपडे खराब झाले आणि मामीला सांगायची लाज वाटली तेव्हाचा होता. राग नाही, हे या बाईच्या तोंडावर खोटं कसं बोलायचं? आणि तेही अशा वेळी, जेव्हा तिला खरं सांगून काही उपयोग नाही?

‘‘बोल, माझ्या कळिके,’’ पार्वताबाई म्हणाल्या, ‘‘या पापिणीला क्षमा करशील?’’

माय थांबली नाही.

‘‘तुझे मौन मला शस्त्राप्रमाणे छेदते, वत्से. क्षमा करशील ना मला?’’

आणि मग पार्वताबाईंनी सरिताचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं. बघणाऱ्याला वाटावं की आईनं लेकीला मिठी मारली. त्या आडोशाला त्यांनी तोंड तिच्या कानाशी नेलं. राणीचा आवाज गेला. अगदी हलक्या, घरगुती, झाडीतल्या बाईच्या आवाजात त्या कुजबुजल्या, ‘‘भेऊ नको पोरी, मी हावो. म्हन माह्या मांगं. निःशंक जा, माते.’’

‘‘निःशंक जा, माते,’’ सरिता म्हणाली.

‘‘माझ्या चित्तात.’’

‘‘माझ्या चित्तात तुझ्याविषयी…’’ तिला हुंदका आला. पाठीवरून एक हात फिरत होता, घाई न करता, सवयीचा. ‘‘तुझ्याविषयी किंतु नाही.’’

पार्वताबाईंनी तिला सोडलं, राणीचं उरलेलं वाक्य, समोर प्रेक्षक असल्यासारखं पुढच्या खोलीकडे बघत, पूर्ण केलं आणि मान खाली घातली. प्रवेश संपला. मग म्हातारीनं पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि सरिताकडे नीट पाहिलं, कामाच्या बाईनं कामाच्या बाईकडे पाहावं तसं.

‘‘नवी होस ना? चांगली बोलली. येकदा सगळेच आडतेत, त्याचं काही नाही. कोन्या गावची तू?’’

‘‘करडीची,’’ सरिता म्हणाली.

‘‘करडीची!’’ पार्वताबाई एकदम पुढे सरकल्या. ‘‘माही पोरगी हाये करडीले. माह्या भावाघरी असते. लहान हाये अजून.’’

सरितानं विचारलं, ‘‘नाव काय तिचं?’’

‘‘सरिता.’’ त्यांना ते आठवावं लागलं नाही. त्यांनी दाराकडे पाहून घेतलं, कुणी ऐकत तर नाही ना, आणि सरिताचा हात धरला. ‘‘गावाले जाशीन तं येक काम करजो माहं. तिले भेटजो. लय रागावली हाये ते माह्यावर, बोलत नाही. मले बी तिच्यासंग बोलता येत नाही, बाई. इथं लिहून देल्लेलं असते तं जमते. तिले सांगजो, माय तुले विसरली नाही म्हना.’’

‘‘सांगीन,’’ सरिता म्हणाली.